अर्ध्या बाह्यांची माणसं

उलानबातरच्या आमच्या विभाग-कचेरीत
सभांचं इतिवृत्त मी लिहिते. एकवीस वर्षं झाली.
नियम एकच : बोललेलं तेवढं लिहायचं.
खोकला, उसासे, खुर्चीची करकर सोडून द्यायची.

ही जानेवारीतली सभा. बाहेर उणे तीस,
आत रेडिएटर असा तापलेला
की लोक आपापले कोट मांडीवर घेऊन बसलेले,
झोपलेल्या पोराला धरावं तसे.

टेबलावर मॉडेल. एकतीस मजले,
निळसर प्लास्टिक, माथ्यावर बाग.
खाली नखाएवढी पांढरी माणसं,
सगळी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात.
झाडं हिरवी. बाराही महिने हिरवी असावीत.

त्या जागी आज पिवळी इमारत आहे :
तीन मजले, चार खांब, वर गिलाव्यात काढलेल्या गव्हाच्या ओंब्या,
खाली चष्म्यांचं दुकान, मागच्या बोळात किल्ल्या करणारा.

कंपनीचे एन्खतुर म्हणाले, शहर वाढतंय.
वाढत्या पोराला किती दिवस तोच देल घालणार?
बाह्या कोपरापर्यंत आल्यात.

नोमिंझुल उठली. वास्तुविशारद, सत्तावीसची असेल.
तिच्याकडे फोटो होते, मोजमापं होती, आवाज जरा कापत होता.
ह्या खांबांच्या उंचीत, ती म्हणाली, एक नम्रपणा आहे.
मी लिहिलं : नम्रपणा.

टेकडीवरच्या गेर-वस्तीतले गोंचिग म्हणाले,
पिवळी ठेवा नाहीतर निळी बांधा,
आम्ही अजून कोळसा जाळतो.
गरम पाण्याचा पाइप चढावर कधी येतो तेवढं सांगा.
अध्यक्ष म्हणाले, विषयाला धरून बोला.
तेही लिहिलं.

मग शेवटच्या रांगेतून त्सेरेंदुलाम, वय एक्याऐंशी :
"एकोणिसाची होते. त्या ओंब्या माझ्या हातच्या.
थंडीत गिलावा धरेना,
म्हणून आत वर्तमानपत्रं कोंबली, मेंढीची लोकर,
हाताला लागेल ते.
पाडायची तर पाडा. मी केलंय म्हणून सांगते,
आतून पोकळ आहे."

नोमिंझुलचा चेहरा... चेहरे लिहायचे नसतात.
एन्खतुर हसले. जरा लवकरच हसले.

कारण म्हातारी खाली बसली नव्हती.
टेकत टेकत मॉडेलपाशी आली.
"आणि हे? हे कुठं पडतं?"
पडणार नाही आजी, भूकंपाचा हिशेब केलाय.
"ते कळलं रे. सावली कुठं पडते?
जानेवारीत. दुपारी तीनला."

कागद चाळले गेले. एक फाइल उघडून मिटली.
तेव्हा चष्मेवाल्या दावाखूनं मोबाइलचा टॉर्च लावला
आणि हात खाली आणला, अजून खाली,
आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य जितका खालून जातो तितका.
कुणीतरी दिवे घालवले.

सावली निघाली. चौक ओलांडला,
पोस्ट ओलांडलं, प्लास्टिकची हिरवी झाडं ओलांडली
आणि टेबलाच्या काठाशी आली.
पुढे बालवाडी आहे, सत्त्याहत्तर नंबरची.
मॉडेलमध्ये नव्हती. टेबल तिथंच संपत होतं.
सावली काही थांबली नाही,
काठावरून उतरून माझ्या वहीवर आली,
लिहिता हात काळा झाला.

बराच वेळ कुणी बोललं नाही,
म्हणून त्या वेळाचं इतिवृत्तात काहीच नाही.
पुढची ओळ थेट :
निर्णय पुढील सभेत.

लोकांनी कोट चढवले, टोप्या, दोन दोन मोजे.
नोमिंझुलनं म्हातारीच्या बुटांची चेन लावून दिली.
दोघींचं मत काही जुळलं नव्हतं.

खोली झाडताना टेबलाखाली सापडला
एक नखाएवढा, अर्ध्या बाह्यांचा.
पडला असेल गडबडीत.
मी त्याला हातमोज्यात घातलं
आणि बस येईपर्यंत मूठ उघडली नाही.